वृद्धसेवाकेंद्रासाठी उपकरणे भाड्याने घेताना : मागणीच्या नोंदीपासून परतीच्या पावतीपर्यंत

संध्याकाळी सात वाजता फोन येतो. आजोबांना उद्या दुपारी रुग्णालयातून सोडणार आहेत, घरी ठेवणे शक्य नाही, ऑक्सिजन लागेल, हवेची गादी लागेल, तुमच्याकडे सोय आहे ना? केंद्राचा व्यवस्थापक ‘आहे’ म्हणतो आणि फोन ठेवताच सोय करायला धावतो. त्या धावपळीत जे यंत्र मिळेल ते, मागतील त्या भाड्याने आणि न वाचलेल्या पावतीवर सही करून केंद्रात येते. भाड्याच्या उपकरणांवरून पुढे जे वाद होतात, त्यांतले बरेचसे या एका संध्याकाळी पेरलेले असतात. पुण्याजवळच्या एका २४ खाटांच्या केंद्राचे व्यवस्थापन आणि हिशेब सांभाळताना मीही अशा सह्या केल्या आहेत. त्या फोनच्या आधी करून ठेवायची तयारी कोणती, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. यंत्र बाजारात विकतही मिळते. भाडे भरताना आपण मुख्यतः पैसे मोजतो ते रात्री दोन वाजता ते बंद पडल्यास दुसरे यंत्र घेऊन कोण आणि किती वेळात येणार, याचे. ज्या व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळत नाही, तिथे भाडे कितीही कमी असले तरी ती वस्तू भाड्याने घेण्याचे कारण उरत नाही.

पहिली पायरी : मागच्या वर्षाची नोंद काढणे

पुरवठादाराशी बोलण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांत कोणते उपकरण कोणत्या निवाशासाठी आले, किती दिवस राहिले, कोणाच्या सांगण्यावरून आले आणि का परत गेले, याची यादी करावी. साधी वही पुरते. आम्ही ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. हँडलच्या खाटा वर्षभरात एकदाही रिकाम्या राहिल्या नव्हत्या आणि तरीही आम्ही त्या विकत न घेता त्यांचे भाडे भरत होतो. उलट ऑक्सिजनचे यंत्र वर्षातून चार वेळा आले होते आणि दर वेळी दोन-तीन आठवड्यांत परत गेले होते. कोणाच्या सांगण्यावरून आले, हा रकाना विशेष महत्त्वाचा आहे, कारण काही वेळा डॉक्टरांनी लिहिलेले नसताना केवळ नातेवाइकांच्या धास्तीपोटी यंत्र आणले जाते आणि नंतर त्याच्या भाड्यावरून त्याच नातेवाइकांशी वाद होतो. ऑक्सिजन किती लिटरने आणि दिवसातून किती तास द्यायचा, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असल्याशिवाय यंत्र मागवू नये.

दुसरी पायरी : काय विकत, काय भाड्याने

जी वस्तू केंद्राची आहे ती विकत घ्यावी आणि जी एखाद्या निवाशासोबत येते व त्याच्यासोबतच जाते ती भाड्याने घ्यावी, ही आमची ढोबळ रीत आहे. समजा, हँडलने पाठीचा भाग वर करता येणारी सेमी-फाउलर खाट २४,००० रुपयांना मिळते आणि तिचे भाडे महिन्याला १,६०० रुपये आहे (हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, आपल्या गावातले भाव त्या जागी घालावेत). पंधरा महिन्यांत भाडेच खाटेच्या किमतीइतके होते. लोखंडी खाट दहा वर्षे सहज चालते, तिच्यात बिघडण्यासारखे म्हणजे हँडलचा स्क्रू आणि चाके, आणि ते गावातला वेल्डिंगवालाही दुरुस्त करतो. म्हणजे इथे भाड्यातून दुरुस्तीची हमीही विशेष मिळत नाही. खाट विकतच घ्यावी.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्राचे, गणित उलटे आहे. समजा, किंमत ४५,००० आणि महिन्याचे भाडे ४,५०० रुपये. कागदावर दहा महिन्यांत किंमत वसूल होते, म्हणून पुष्कळ जण ते विकत घेतात. पण आमच्या नोंदीप्रमाणे वापर वर्षाला जेमतेम तीन महिन्यांचा होता, आणि उरलेले नऊ महिने हे यंत्र कपाटात बंद ठेवणे त्याला मानवत नाही. हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे झिओलाइटचे दाणे ओलावा शोषून निकामी होत जातात. कोकणात किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात ही गोष्ट अधिकच लागू होते. शिवाय हे यंत्र बिघडले तर वेल्डिंगवाला कामाचा नाही. मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे बायपॅपचे यंत्र, विजेवर चालणारी पाच हालचालींची खाट, माणूस उचलून खुर्चीत बसवण्याची पेशंट लिफ्ट, या सगळ्यांना हाच विचार लागू पडतो.

शरीराला लागणारे जे जे काही आहे ते भाड्याने घेऊच नये. बायपॅपचा मास्क, नाकातली ऑक्सिजनची नळी, नेब्युलायझरचा संच, सक्शनची म्हणजे कफ ओढून काढण्याची नळी, लिफ्टची झोळी या वस्तू प्रत्येक निवाशाच्या स्वतंत्र आणि नव्या असाव्यात. वॉकर, कमोड खुर्ची, साधी चाकाची खुर्ची आणि पडून राहून होणाऱ्या जखमा टाळण्यासाठीची बुडबुड्यांची हवेची गादी यांची किंमत इतकी मर्यादित असते की त्यांचे भाडे भरणे हा आळसाचा खर्च आहे. नळकांड्यांची, जाड, मोठ्या पंपाची गादी मात्र भाड्याने घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात गावोगावी सेवाभावी संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात आणि नाममात्र शुल्कात खाटा, खुर्च्या, वॉकर देतात. अडीनडीला त्यांचा मोठा आधार असतो. तरी शुल्क घेऊन चालणाऱ्या केंद्राने तिथल्या वस्तू महिनोन्महिने अडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ती सोय ज्या घरांना बाजारभाव परवडत नाही त्यांच्यासाठी आहे.

तिसरी पायरी : व्यवहाराचा प्रकार ओळखणे

‘भाड्याने’ या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळे व्यवहार चालतात. पहिला दरमहा भाड्याचा, ज्यात यंत्र केव्हाही परत देता येते. दुसरा वर्ष-दोन वर्षांच्या ठरलेल्या मुदतीचा, ज्यात भाडे कमी असते पण मुदतीपूर्वी सोडल्यास उरलेल्या भाड्याचा काही भाग भरावा लागतो. नोंदवहीत वर्षभर सलग मागणी दिसत असेल तरच हा घ्यावा. तिसरा म्हणजे वित्तसंस्थेमार्फतचा लीज, ज्यात दुरुस्ती, विमा आणि जुने होण्याचा तोटा आपल्याच अंगावर असतो आणि शेवटी ठरलेली रक्कम भरून वस्तू आपल्या नावावर होते. या तिसऱ्या प्रकाराला नाव भाड्याचे असले तरी अंगाने ते कर्ज आहे, आणि त्याची तुलना बँकेच्या कर्जाशीच करावी.

ती कशी करायची ते पाहू. समजा, ६ लाख रुपयांच्या मोटरच्या खाटा आणि कपडे धुण्याचे मोठे यंत्र ३६ महिन्यांच्या लीजवर घेतले, महिन्याचा हप्ता २१,००० आणि शेवटी ३०,००० रुपये भरायचे आहेत. एकूण ७,८६,००० रुपये जातात. जादा गेले १,८६,०००, म्हणजे वर्षाला ६२,०००. विक्री प्रतिनिधी ‘साधारण दहा टक्के पडतात’ असे सांगतो, आणि ६ लाखांवर ६२,००० काढले तर ते खोटेही नाही. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, त्यामुळे पूर्ण ६ लाख आपल्याकडे तीन वर्षे कधीच नसतात. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर याच व्यवहाराचा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या जवळ जातो. त्यातून पहिला हप्ता आगाऊ आणि वर अनामत घेतली तर आणखी चढतो. संगणकावरच्या कोणत्याही हिशेबपत्रकात हा दर दोन मिनिटांत निघतो. निघत नसेल तर हिशेबनिसाला सांगावे, पण काढल्याशिवाय सही करू नये.

केंद्र सार्वजनिक न्यासाचे असेल तर आणखी एक खबरदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ मध्ये विश्वस्तांनी न्यासासाठी पैसे कर्जाऊ घेण्यावर धर्मादाय आयुक्तांच्या नियंत्रणाची तरतूद आहे. दरमहा भाडे हा चालू खर्च असतो, तिथे प्रश्न येत नाही. परंतु कर्जाच्या वळणाचा दीर्घ मुदतीचा लीज करण्यापूर्वी न्यासाच्या वकिलाचे लेखी मत घ्यावे आणि विश्वस्तांच्या सभेत ठराव करून तो इतिवृत्तात घालावा. देणगीदार उपकरणासाठी पैसे द्यायला तयार असेल तर लीजच्या भानगडीत पडूच नये.

चौथी पायरी : उपकरणामुळे केंद्राचे स्वरूप तर बदलत नाही ना

हा मुद्दा पुरवठादार कधीच काढणार नाही, कारण तो त्याचा नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या अधिनियमाखाली होते, आणि त्यातील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजारी किंवा जखमी व्यक्तींबरोबर जराजर्जर व्यक्तींना ठेवून त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेचाही समावेश होतो. निवास, जेवण आणि देखभाल एवढ्यावर चालणारे केंद्र जेव्हा नाडी-रक्तदाब दाखवणारा मॉनिटर, औषध ठरलेल्या गतीने सोडणारा सिरिंज पंप, सक्शन आणि चोवीस तास ऑक्सिजन असा सरंजाम मांडते, तेव्हा ते वृद्धाश्रम राहिले की शुश्रूषागृह झाले, हा प्रश्न तपासणीस आलेला अधिकारी विचारू शकतो. म्हणून मॉनिटर भाड्याने आणण्याआधी आपली नोंदणी कशाची आहे ते पाहावे, आणि तो मॉनिटर वाचू शकणारी प्रशिक्षित परिचारिका रात्रपाळीला आहे का, हेही पाहावे. ती नसेल तर त्या पडद्याचा उपयोग नातेवाइकांच्या समाधानापलीकडे फारसा होत नाही.

उपकरणाच्या बाबतीतही कायदा बदलला आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गातील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक धोक्याच्या क व ड वर्गातील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. त्यामुळे यंत्राच्या लेबलवर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा परवाना क्रमांक आहे की नाही ते पाहावे. त्याआधी बनलेल्या जुन्या यंत्रावर तो नसेल तर खरेदीचे बिल आणि शेवटच्या दुरुस्तीचा कागद मागावा. पुरवठादार विक्रीही करत असेल तर त्याच्याकडे औषध प्रशासनाचे एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र किंवा औषधविक्रीचा परवाना असतो, त्याची प्रत घ्यावी. द्यायला जो टाळाटाळ करतो, तो पुढे अनामतही सहज देत नाही.

पाचवी पायरी : गोदाम पाहणे

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला दुकानाची काच चकचकीत असते. आपण मात्र गोदाम पाहायचा आग्रह धरावा. परत आलेली गादी कुठे धुतली जाते, धुतलेल्या आणि न धुतलेल्या वस्तू वेगळ्या ठेवल्या आहेत का, एकाच जातीची किमान दोन-तीन यंत्रे शिल्लक आहेत का, दुरुस्ती करणारा माणूस पगारी आहे की बाहेरून येतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शिल्लक यंत्र नसलेला पुरवठादार ‘लगेच बदलून देतो’ म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याकडून मागून आणणार असतो. नंतर रात्री अकरा वाजता त्याच्या तक्रारीच्या क्रमांकावर एकदा फोन करून पाहावा. त्याच वेळी केंद्रापासूनचे अंतरही मनात धरावे. शहराच्या दुसऱ्या टोकाचा स्वस्त पुरवठादार आषाढातल्या पावसात चार तासांनी पोहोचतो.

सहावी पायरी : यंत्र उतरवून घेताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गाडीवरचा माणूस घाईत असतो, त्याला आणखी तीन ठिकाणी जायचे असते. पण तपासणी होईपर्यंत चलनावर सही करू नये आणि ही गोष्ट दारावरच्या सेवकापासून रात्रपाळीच्या मावशींपर्यंत सर्वांना सांगून ठेवावी. यंत्राच्या पाठीमागची पट्टी, तिच्यावरचा अनुक्रमांक आणि आधीपासून असलेले ओरखडे यांचे छायाचित्र चलनासोबत घ्यावे.

खाटेची चारही चाके ब्रेक लावून ढकलून पाहावीत. हँडल पूर्ण फिरवून पाठ आणि गुडघ्याचा भाग शेवटपर्यंत वर नेऊन खाली आणावा. बाजूचा कठडा अडकवून त्यावर जोर द्यावा. कठड्याच्या दांड्यांमधील आणि कठडा व गादी यांच्यामधील फट १२ सेंमीपेक्षा कमी असली पाहिजे, कारण त्याहून मोठ्या फटीत डोके अडकू शकते. स्मृतिभ्रंश असलेल्या, रात्री उठू पाहणाऱ्या निवाशाच्या बाबतीत हा धोका खरा आहे. सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गादीवर हवेची गादी टाकली की झोपण्याची पातळी वर येते आणि तोच कठडा एकदम बुटका होतो. गादीच्या वर साधारण २२ सेंमी तरी कठडा उरला पाहिजे. उरत नसेल तर खालची गादी पातळ घ्यावी किंवा उंच कठड्याची खाट मागवावी.

हवेची गादी पंप लावून अर्धा तास फुगू द्यावी आणि निवाशाला त्यावर झोपवल्यानंतर माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळातून तळहात सरकवून पाहावा. हाताला वर किमान इंचभर हवा जाणवली पाहिजे. शरीर हाताला टेकले तर गादी असून नसल्यासारखी आहे. पंपावरचे वजनाचे बटण चुकले आहे किंवा नळी गळते आहे. ही गादी आली म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलण्यातून सुटका झाली, असा कर्मचाऱ्यांचा समज असतो. तो पहिल्याच दिवशी दूर करावा.

ऑक्सिजनच्या यंत्राबाबत मात्र मी एकदा फसलो आहे. एका पावसाळ्यात एका पुरवठादाराकडून पाच लिटरचे यंत्र आले. हिरवा दिवा लागला, नळीतून फुसफुस आवाज आला, आम्ही सही केली. रात्री एका आजींना तीन लिटरने ऑक्सिजन चालू असतानाही बोटावरच्या मापकात ८६ च्या वर आकडा जाईना. सिस्टरने तीनदा नळी तपासली, मग न सांगताच सिलिंडर ओढून आणला आणि आजींना त्यावर लावले. दहा मिनिटांत आकडा ९३ झाला. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची शुद्धता मोजणारे यंत्र आणून पाहिले, तर त्या नळीतून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या आसपास होता. चांगल्या यंत्रातून तो ९० ते ९६ टक्के यायला हवा आणि ८२ टक्क्यांच्या खाली गेल्यास यंत्राने सूचना द्यायला हवी. या नगात शुद्धता मोजणारा संवेदकच नव्हता. हिरव्या दिव्याचा अर्थ फक्त ‘यंत्र चालू आहे’ एवढाच होता. यंत्र आजवर किती तास चालले ते दाखवणारा मापक पाहिला तर आकडा २१,००० च्या पुढे गेलेला.

तेव्हापासून आम्ही शुद्धता मोजणारे तळहाताएवढे यंत्र विकत घेऊन ठेवले आहे. भाड्याचे यंत्र उतरल्यावर डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रवाहावर ते पंधरा मिनिटे चालवायचे, शुद्धता आणि मापकावरचे तास चलनावर लिहायचे आणि मगच सही करायची. प्रवाह वाढवला की शुद्धता उतरते, म्हणून पाच लिटरवरही एकदा पाहावे. मागची जाळी उघडून फिल्टरवर धूळ आहे का ते बघावे. ऑक्सिजन ओलसर करणारी बुडबुड्याची बाटली नवी मागावी आणि तीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे. आणि खोलीत देव्हारा असेल तर समई व उदबत्ती दुसऱ्या खोलीत न्यावी. हे सांगताना वाईट वाटते, पण ऑक्सिजनच्या नळीजवळ उघडी ज्योत चालत नाही, तिथे तडजोड करू नये.

सातवी पायरी : वीज गेली तर

पाच लिटरचे यंत्र सुमारे ३५० वॅट वीज घेते. चोवीस तास चालले तर दिवसाला ८.४ आणि महिन्याला सुमारे २५० युनिट होतात; हा खर्च कोणाच्या बिलात जाणार ते आधीच ठरवावे, कारण भाड्याच्या कागदावर तो कुठेच दिसत नाही. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-अवर असतात. गळती वजा जाता आणि बॅटरी पूर्ण न रिकामी करता त्यांतले १,२०० च्या आसपास हाती लागतात. म्हणजे त्यावर दुसरे काहीही नसेल तर यंत्र तीन-साडेतीन तास चालते. पंखे आणि दिवे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर तेवढेही नाही.

म्हणून यंत्रासोबत एक भरलेला सिलिंडर भाड्याने घेणे आवश्यक आहे. बी प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरने तो साडेबारा तास, ४ लिटरने सव्वासहा तास पुरतो. सिलिंडरसोबत रेग्युलेटर आणि चावी आली आहे का, दाबाचा काटा भरलेला दिसतो का आणि नळकांड्यावर चाचणीची तारीख कोरलेली आहे का ते पाहावे. तो साखळीने भिंतीला बांधावा आणि त्याच्या झडपेला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. रेग्युलेटर लावायचा सराव दर पाळीच्या कर्मचाऱ्यांकडून उजेडात करून घ्यावा, म्हणजे अंधारात हात थरथरत नाहीत. हवेच्या गादीचा पंपही विजेवर चालतो, हे विसरू नये. वीज गेल्यावर हवा धरून ठेवणारी टोपी लावायची असते, ती कुठे आहे ते सर्वांना माहीत हवे.

आठवी पायरी : करार

पावतीच्या मागे छापलेल्या बारीक अक्षरांतल्या अटी म्हणजे करार नव्हे. वर्षभराचा एकच सर्वसाधारण करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून ठेवावा आणि प्रत्येक नगासाठी त्याला जोडपत्र लावावे. म्हणजे संध्याकाळी सातच्या फोननंतर फक्त जोडपत्र भरायचे राहते.

करारात ज्या गोष्टी मी सोडत नाही त्या अशा. बिघाड कळवल्यापासून दुसरे यंत्र किती तासांत येईल, हे उपकरणानुसार आकड्यात लिहावे. ऑक्सिजन आणि बायपॅपसाठी आम्ही चार तास ठरवले आहेत, खाट-गादीसाठी चोवीस. ती वेळ टळली तर तेवढ्या दिवसांचे भाडे नाही आणि आम्ही दुसरीकडून आणलेल्या यंत्राचा खर्च त्यांच्या बिलातून वजा, असे स्पष्ट असावे. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांतला फरक उदाहरणांनी लिहावा: चाक झिजणे ही झीज, कठडा वाकणे ही मोडतोड. चोरी, आग आणि पुराचा विमा कोणाचा, तेही लिहावे. पहिल्या महिन्यानंतर भाडे दिवसांच्या हिशेबाने आकारले जावे. नेण्या-आणण्याचा खर्च, जिना चढवण्याची हमाली आणि परत नेण्याचा खर्च आधीच आकड्यात असावा. मुदत आपोआप वाढण्याची अट खोडून टाकावी. अनामत किती दिवसांत परत मिळेल याचा आकडा नसेल तर ती परत मिळेल असे समजू नये.

एक अट लिहायला संकोच वाटतो, तरी ती लिहावी. निवाशाचे निधन झाले तर केंद्राने कळवलेल्या दिवसापासून भाडे बंद व्हावे, यंत्र उचलायला पुरवठादार केव्हा येतो यावर ते अवलंबून असू नये. नातेवाईक दिवसकार्यात असतात, यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते, आणि तेराव्यानंतर बारा दिवसांच्या जादा भाड्याचे बिल त्यांच्या हाती देण्याची पाळी कोणावर येऊ नये.

नववी पायरी : कुटुंबाशी बोलणे आणि हिशेब

यंत्राचे भाडे केंद्राच्या मासिक शुल्कात आहे की वेगळे, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी सांगावे. करार केंद्राच्या नावावर ठेवून मूळ बिलाची प्रत कुटुंबाला देणे आम्हाला सोयीचे वाटते. कुटुंबाने परस्पर करार केला तर रात्री पुरवठादार आमचा फोन घेत नाही. भाड्यावर वर काही व्यवस्थापन खर्च आकारायचा असेल तर तो उघड लिहावा. बिलात लपवलेले दोनशे रुपये कधीतरी बाहेर येतातच.

वस्तू भाड्याने देणे ही जीएसटीत सेवा मानली जाते आणि तिला त्या वस्तूचाच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वैद्यकीय उपकरणांवरचा दर ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून जुन्या दराने आलेले बिल तसेच भरू नये. धर्मादाय म्हणून प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाची, ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या निवाशांकडून निवास-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० रुपयांपर्यंत शुल्क घेणारी सेवा करमुक्त आहे. त्याची दुसरी बाजू अशी की अशा केंद्राला भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तुलना करताना करासहितचा आकडाच धरावा. एका मालकाला द्यायचे भाडे महिन्याला ५०,००० रुपयांच्या वर गेले तर उपकरणांच्या भाड्यावर २ टक्के करकपात करून ती भरावी लागते. लहान केंद्रे सहसा या मर्यादेच्या आत राहतात, पण मोटरच्या दहा खाटा एकदम घेतल्या की बाहेर जातात.

दर महिन्याच्या बिलातले अनुक्रमांक प्रत्यक्ष केंद्रात असलेल्या यंत्रांशी ताडून पाहावेत. हे काम अर्ध्या तासाचे आहे. आम्ही पहिल्यांदा केले तेव्हा दोन महिन्यांपूर्वी परत गेलेल्या एका गादीचे भाडे अजून चालूच होते.

परत देताना

यंत्र परत देण्याआधी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पुसून-धुऊन घ्यावे आणि मास्क, नळ्या, बाटली काढून टाकाव्यात. आलेल्या दिवशी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून पुरवठादाराच्या माणसासोबत प्रत्येक भाग पाहावा, तासांच्या मापकाचा आकडा लिहावा आणि ‘सुस्थितीत परत मिळाले’ या शब्दांसह तारीख, वेळ व अनुक्रमांक असलेली पावती घ्यावी. ‘गोदामात तपासून कळवतो’ असे तो म्हणाला तर पावतीवर तेच लिहून घ्यावे आणि तपासणीची मुदत दोन दिवसांची घालावी. आमच्याकडे ही पावती मूळ चलनाला टाचून अनामतीच्या फाइलमध्ये राहते. अनामत खात्यावर जमा झाल्याची तारीख तिच्यावर लिहिली की ती फाइलमधून बाहेर निघते आणि त्या निवाशाच्या नोंदवहीतला उपकरणाचा रकाना बंद होतो.